भरिताला गेलेली तेलाची बाटली

ऑफिसातून आलेल्या शीतलला ओट्यावर ऑलिव्ह ऑइलची बाटली दिसेना. तिच्या जागी, मिठाच्या बरणीखाली, सासऱ्यांची चिठ्ठी होती.

"शीतल बेटा,
फैजपूरला आपल्या मळ्यात भरिताची पार्टी आहे, मी निघालो. रागावू नको. स्टेंट बसल्यापासून मळ्याचं तोंड पाहिलेलं नाही. तूच सांगतेस, हे तेल हृदयाला चांगलं, तळणात घालवू नका, वरून कच्चं घ्या. अगं, ठेच्यावर आपण जन्मभर दुसरं काय करतो? माझं भरीत फोडणीआधीच बाजूला काढायला सांगितलंय. त्यावर तुझं तेल, दोनच चमचे. गोळी घेतली. गाडी मळ्यावरचा गोपाल चालवेल. अक्काला कळू देऊ नको, ती शेजारी पापड लाटतेय.
नाना"

त्याखाली घाईघाईत सासूबाईंनी लिहिलं होतं:

"यांचा चमचा म्हणजे वरणाचा डाव! म्हणून औषधाचा चमचा घेऊन मीही गाडीत बसतेय. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी गरम खायच्या असतील तर लगेच ये.
अक्का"

शीतलला एकटीलाच हसू फुटलं. खांद्यावरची पर्स अजून खांद्यावरच होती. तिने परत चपला घातल्या.