उंट्यासाठी मार्मलेड

८ जानेवारी

लिहीन लिहीन म्हणत महिना घालवला. वही उशाला, पेन उशाला, डोकंही तिथेच – आणि तरी नाही! आळस, दुसरं काय. आज लिहितेय, कारण बोलायला कुणी नाही.

फळं तोडायचा हंगाम संपला, टोळी पांगली. टोळीतला उंट्या – चालतो उंटासारखा, म्हणून उंट्या – म्हणाला, चार दिवसांत मोटारसायकल दुरुस्त करून घेऊन येतो, मग दोघं समुद्राकडे. तोवर तू इथे थांब. थांबलेय. माळ्यावरची खोली, एक खिडकी, एक शेगडी. ते चार दिवस कधीच संपले.

१० जानेवारी

खाली घरमालकीणबाई राहतात. पूर्वी नर्स होत्या, अजूनही हाक मारतात ती वॉर्डभर जाईल अशी. परसातल्या झाडाखाली संत्र्यांचा सडा पडलाय. एक सोलून तोंडात टाकलं – आई गं! बाई खिडकीतून बघतच होत्या. म्हणाल्या, कडू असतात ती, त्यांचं मार्मलेड करतात. मी मुरंबा म्हटलं तर रागावल्या.

उंट्याला आवडतं ते. एकदा एका हॉटेलात पावाला न लावता नुसतं चमच्याने खात सुटला होता, मालक बघत राहिला. ठरलं! येईल तेव्हा बरणी तयार.

काय लिहायला बसले होते? हां. मोजे वाळत नाहीत.

१२ जानेवारी

फजिती.

सालं चिरली, बोट चिरलं, साखर ओतली, दुपारभर ढवळत बसले. खिडकीची काच वाफेने पांढरी झाली, तिच्यावर बोटाने उंट काढला, तो ओघळून गाढव झाला. बाईंनी सांगितलं होतं, थंड बशीत थेंब टाक, बोटाने ढकल, सुरकुती पडली की उतरव. थेंब कसला – बशीभर पळाला. सरबत!

बाई वर आल्या. पातेल्यात डोकावून म्हणाल्या, बिया कुठायत? बिया? टाकल्या की! बाई इतक्या हसल्या की कठड्याला टेकल्या. बिया फडक्यात बांधून सालांबरोबर रात्रभर पाण्यात ठेवायच्या, शिजवतानाही काढायच्या नाहीत, त्यांनीच पाक धरतो. मी म्हटलं, हे आधी सांगायचं ना.

"अगं, सांगावं लागेल हे मला काय माहीत!"

त्या गेल्यावर खोली जास्तच गप्प वाटली.

१३ जानेवारी

टेंपोवाले काका आले होते. टोळीची ने-आण करायचे तेच. उबदार मुलखात नवा हंगाम सुरू होतोय, रविवारी सकाळी निघतात, माझ्यासाठी एक जागा धरलीय. मी म्हटलं, उंट्या येणार आहे. काका उगाच टायरला लाथा मारत राहिले.

"पोरी, त्याची वाट नको बघूस."

का, ते सांगेनात. खोदून विचारलं तर म्हणे, फिरता माणूस आहे तो. आणि मी काय झाडाला बांधलेय?

राग आला. आला म्हणजे आलाच. चहासुद्धा विचारला नाही काकांना. आता वाईट वाटतंय.

१५ जानेवारी

उंट्याचा फोन बंद.

१६ जानेवारी

सालं आणि बियांची पुरचुंडी भिजत घातली. म्हणजे उद्या मी इथेच! गंमत वाटली. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. आणि आता भिंगरीला कुणी धरलंय, तर पातेलंभर संत्र्यांनी.

संत्र्यांनी की उंट्याने? जाऊ दे. पाय गार पडलेत.

१७ जानेवारी, रविवार

टेंपो कोपऱ्यावर थांबला. हॉर्न दिला. मी शेगडीपाशी होते – हात थांबवला तर बुडाला लागेल, असं स्वतःला सांगत होते. खरं तर गॅस बंद करायला कितीसा वेळ लागतो? परत हॉर्न. मग आवाज लांब लांब गेला.

दुपारी थेंब टाकला. ढकलला. सुरकुती पडली! नाजूक, गाढ झोपलेल्याच्या पापणीसारखी. कुणाला तरी दाखवायला हवी होती. बाई भावाकडे जेवायला गेल्या होत्या. बशी घेऊन जिन्यात उभी राहिले जरा वेळ. रस्त्यावरून एक माणूस गेला, त्याने वर बघितलं नाही.

१८ जानेवारी

बरण्या खिडकीत मांडल्यात. ऊन आलं की भिंत केशरी होते. फोन बंदच.

बाईंना एक बरणी दिली. चाखून म्हणाल्या, जमलंय, साल जरा जाड चिरलीस. मग दारातच घुटमळल्या. म्हणाल्या, खोली हवी तितके दिवस ठेव. वर पावलं वाजली की मला बरं वाटतं.

मी म्हटलं, उंट्या आला की निघू आम्ही. त्यांनी बरणीचं झाकण घट्ट लावलं.

२० जानेवारी

जिन्यात बसून लिहितेय. घाईत.

दारावर थाप पडली. धावले, पाय गादीत अडकला, तशीच धावले. दारात एक बाई, माझ्याहून थोडी मोठी, कडेवर मुलगी, प्रवासाने दोघी सुकलेल्या. टेंपोवाल्या काकांनी पत्ता दिला म्हणे.

"आमचे हे इथेच असतात ना?"

कोण, म्हटलं. उंच आहेत, म्हणाली, चालताना असे – आणि मान पुढे काढून दाखवली. हुबेहूब.

बसा म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आत माझ्या गादीवर बसलीय. ते कधी येतील, विचारते. मला विचारते!

पोरगी भुकेजलीय, रडतेय. पाव कापायला हवा, बरणी उघडायला हवी.