ओल्या डब्याचा खुलासा

ती. ताई,

वाकून नमस्कार. (गुडघे साथ देत नाहीत, तेव्हा कमरेपर्यंतच वाकलो असं समज.) तुझं ब्लडप्रेशर आणि भाऊजींचं ऐकू येणं, दोन्ही ताळ्यावर असेल अशी आशा. मी अगदी ठीक आहे. ही गेल्यापासून तुझं एकच पालुपद, की घरी स्वयंपाक करत नसशील तर फ्लॅटला कुलूप लाव आणि इकडे राहायला ये. समोरच्या नर्सबाई (निवृत्त झाल्या, पण नजर अजून ड्युटीवरच आहे) तुला फोनवर काहीबाही सांगायच्या आत माझी बाजू मांडतो.

ओला-सुका कचरा वेगळा करा म्हणून आमच्या सेक्रेटरीने काय नाही केलं! फलक लावले, पृथ्वीवर भाषण दिलं (ऐकायला पृथ्वीच तेवढी होती), दंडाची धमकी दिली. सगळे ढिम्म. मग बाईंनी काम हाती घेतलं. रोज सकाळी जिन्यात उभ्या राहून त्या प्रत्येकाचा डबा उघडून बघतात, पेशंटचा रिपोर्ट बघावा तसा, आणि तोंडावर दोन शब्द सुनावतात. आठवड्यात इमारत सुतासारखी सरळ. वरच्या मजल्यावरचे वकील आता दह्याचे रिकामे डबे धुऊन, पुसून आणून देतात. पृथ्वीचं कुणाला काही पडलेलं नाही गं, बाई काय म्हणतील याचं पडलंय.

माझी पंचाईत निराळीच झाली. सुका डबा बिस्किटांच्या रिकाम्या पुड्यांनी गच्च आणि ओल्यात ठणठण गोपाळ. "काका, आज पण ओलं काही नाही?" असं बाई रोज विचारायला लागल्या, तेव्हा मी मटार आणले. दाणे कच्चेच खाल्ले आणि सालं थाटात डब्यात टाकली. पण माणूस मटार तरी किती खाणार! शेवटी खालच्या शिंप्याकडून सालं उसनी आणायला लागलो. (भला माणूस, कशाला म्हणून विचारत नाही.) कधी बटाटा, कधी दुधी, कागदोपत्री माझा स्वयंपाक जोरात. बाई खूश. मंगळवारी मात्र सालांखालून माशाचे काटे निघाले. जन्मात मासा न खाल्लेला मी! बाईंनी काट्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी सांगून टाकलं, मांजर पाळलंय.

तेव्हापासून मांजरासाठी संध्याकाळी वाटीभर दूध येतं. परवापासून सोबत गरम भात आणि भाजी पण येते. मांजराला भाजी कशाला, हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. सगळं संपवून वाटी धुऊन परत देतो.

तेव्हा माझं उत्तम चाललं आहे. तू मुळीच यायची तसदी घेऊ नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. भाताला पाणी किती घालायचं ते कळव. ही असताना विचारायचं राहूनच गेलं.

ता. क. पुन्हा. हे घर सोडून मी यायचा नाही, तिचं सगळं इथेच आहे. पण तू ये. एका माणसाने ओला डबा भरत नाही गं, करून बघितलं.