एका भेटीत एकच तक्रार

३ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आमचं झकास चाललंय. कारखान्यात लेथवर नव्या माणसांना आता मीच शिकवतो.

तू जन्मभर नर्स, म्हणून या परक्या देशातली गंमत सांगतो. मनाला येईल तेव्हा मोठ्या इस्पितळात जायचं नाही. आधी वस्तीतल्या डॉक्टरकडे नाव घालायचं, त्याने चिठ्ठी दिली तरच पुढे. त्याच्या भिंतीवर पाटी आहे: एका भेटीत एकच तक्रार. मग मी खोकला सांगितला आणि पोट पुढच्या खेपेला ठेवलं! तुझ्या वॉर्डात अशी पाटी असती तर निम्मे पेशंट पळाले असते. पोटाचं किरकोळ आहे, पित्त. डोक्याला ताप करून घेऊ नकोस.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा

९ फेब्रुवारी

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

ह्यांच्या नकळत लिहिते आहे. घरात फोन नाही, आणि कारखान्यातला फोन ह्यांच्याच हाती पडतो.

वन्सं, ते पित्त नाही हो. दोन घास पोटात गेले की उजव्या बरगडीखाली कळ येते, ती पाठीत जाते. उशी पोटाशी धरून तासतासभर वाकून बसतात. पुढच्या खेपेला डॉक्टरला नुसतं दुखतं म्हणाले. कळ, चमक, ठणका, ह्यांतलं काही त्या भाषेत सांगता आलं नाही. गोळ्या मिळाल्या आणि इस्पितळाची तारीख मिळाली, एप्रिल अखेरची. परवापासून डोळे पिवळट दिसतात. मी म्हटलं, तर दिव्याचा उजेड आहे म्हणाले. मला इथले वीसच शब्द येतात. मी काय करू?

आपलीच समजून लवकर लिहा.

तुमची वहिनी

१९ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र वाचून खाली ठेवायच्या आत त्याला घेऊन नीघ. चिठ्ठी नाही, तारीख नाही, थेट इस्पितळाच्या तातडीच्या विभागात. डोळे पिवळे झालेत हे आधी सांग; लघवी गडद किंवा थंडी वाजून ताप असेल तर तेही सांग. दुभाषा माग, मागण्यात लाज कसली? त्याला बोलू देऊ नकोस. लहानपणी सुई टोचायला त्याला दोघांनी धरावं लागायचं, आणि आता म्हणे किरकोळ! बरं आहे म्हणणाऱ्या पेशंटचीच मला तीस वर्षं धास्ती वाटत आली.

देवाजवळ बसून आहे. जपा.

अक्का

२७ फेब्रुवारी

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल मिळालं. पण सतराला दुपारीच हे हुडहुडी भरून कामावरून परत आले आणि मी ऐकलं नाही, बसमध्ये घातलं. इस्पितळात खिडकीवरच्या बाईने विचारलं, दहापैकी किती दुखतंय. हे म्हणाले, तीन. मी पुढे होऊन दोन्ही हातांची बोटं दाखवली. हे माझ्यावर खेकसले. तेवढ्यात नर्सने ह्यांची पापणी खाली ओढून पाहिली आणि चाकाची खुर्ची मागवली.

तिथल्या एका सफाईवाल्या बाईंना हिंदी येत होती. त्यांच्याकडून कळलं, खडा पित्तनळीत अडकून विष रक्तात भिनलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर हात टेकले असते. तोंडातून नळी घालून खडा काढला. चार दिवस शुद्ध-बेशुद्ध. आता पेज घेतात. माझ्याशी मात्र अजून बोलत नाहीत.

तुमचा हात पाठीवर असू द्या.

वहिनी

८ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, लावून घे. कामाचा परवाना या महिन्यात नवा करायचा होता. आजारी परका माणूस कोण ठेवून घेणार, या भीतीने मी सगळ्यांशी खोटं बोललो. हिच्याशीही. आज तिची माफी मागितली. ती रडली, मग इतक्या दिवसांचं सगळं बोलणं एकदम बोलली. परवान्याचं अजून कळलेलं नाही. नाही झाला तर सामान बांधू.

इथे सगळे विचारतात, आता कसं वाटतं. मी छान म्हणतो, त्यांच्या भाषेत तेवढंच येतं. तुला खरं लिहितो. अक्का, फार दुखलं गं.

तुझा
धाकटा