दिल्लीची जागा आणि वॅगनच्या तळाचे घड

नाना,

परवा एका निवड समितीवर बसले होते. बाहेरच्या राज्यांतून येणाऱ्या हुशार मुलांसाठी थोड्या जागा आणि शिष्यवृत्त्या राखलेल्या असतात, त्यांच्या मुलाखती होत्या. आत एक आसामची मुलगी भराभर उत्तरं देत होती आणि दार अर्धं उघडं असल्यामुळे मला बाहेरच्या बाकावर बसलेले तिचे वडील दिसत होते. मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. त्यानंतर मी त्या मुलीला काय विचारलं ते मला धड आठवत नाही. घरी आले, चहा केला, तो तसाच निवला आणि हे लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुम्ही अजून कुठल्यातरी बाकावर बसला आहात असं मला वाटत राहिलं.

जळगावला आत्याकडे राहून मी इंटर सायन्स केलं आणि पहिली आले, इथपर्यंत घरात सगळे खूश होते. मग आमच्या रसायनशास्त्राच्या सरांनी दिल्लीच्या एका मुलींच्या कॉलेजची जाहिरात वाचली. तिथे ऑनर्सचा वर्ग होता, म्हणजे तीन वर्षं एकाच विषयात खोल शिरायचं. मुंबई राज्यातून किंवा आणखी कुठल्या बाहेरच्या राज्यातून येणाऱ्या मुलींना जागा अगदी मोजक्या होत्या. पण जिला जागा मिळेल तिची फी माफ, वसतिगृह फुकट, वर खर्चाला शिष्यवृत्ती. सरांनी मला न विचारता अर्ज मागवला. बोलावणं आलं तेव्हा आबांनी, म्हणजे तुमच्या थोरल्या भावाने, ओसरीवर बसून सरळ सांगितलं की आपल्यात अजून मुलगासुद्धा एवढ्या लांब गेला नाही, आणि यावलकडचं स्थळ काही वर्षभर थांबणार नाही. तुम्ही तेव्हा विळ्याला धार लावत होतात. वर न बघता म्हणालात, "आपला माल जातो तठी. पोरगी काऊन नही जानार?" आबा पायांत वहाणा सरकवून ओसरी उतरले. त्यांना ते पटलं असं नव्हे.

माल जात होता हे खरं. निंभोऱ्याच्या स्टेशनावर केळीच्या वॅगनी भरायच्या आणि त्या दिल्लीच्या भाजीबाजारात रिकाम्या व्हायच्या. पण तुम्ही स्वतः बऱ्हाणपूरच्या पलीकडे कधी गेला नव्हतात. भुसावळला आपण मेल पकडली तेव्हा तुमच्या खांद्यावर धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला केळीचा अख्खा घड होता, कॉलेजच्या मोठ्या बाईंसाठी. डब्यातल्या लोकांनी पाय आखडून त्याला जागा दिली. इटारसी गेलं, झाशी गेली, तुम्ही प्रत्येक स्टेशनचं नाव मला वाचायला लावलंत आणि मनाशी पुटपुटलंत. आपला माल या सगळ्या गावांवरून जातो हे तुम्हाला ठाऊक होतं, पण ती गावं खरोखरच आहेत हे तुम्ही त्या दिवशी पाहत होतात. तुमचा चेहरा एखाद्या लहान पोरासारखा झाला होता. मी तुम्हाला तसं त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं.

मुलाखतीच्या वेळी तो घड बाईंच्या टेबलाशेजारी ठेवलात. बाईंनी फडकं बाजूला केलं आणि हिंदीत विचारलं, ही भाजीची केळी आहेत का? घड हिरवागार होता, दगडासारखा. वॅगनला दिल्लीपर्यंत जेवढे दिवस लागतात तेवढ्या हिशोबाने तुम्ही तो कापला होता, सवयीने. मेल आपल्याला दुसऱ्याच दिवशी पोचवणार हे तुमच्या ध्यानातच राहिलं नाही. सगळ्या रावेर तालुक्यात केळी कधी कापायची हे लोक तुम्हाला विचारायला येत, आणि तुम्ही दिल्लीत असे फसलात. तुमचे कान लाल झाले. मला हसू आलं आणि त्याच क्षणी ओसरलं, कारण नानाही घाबरले आहेत हे मला तेव्हाच कळलं. बाई मात्र भल्या होत्या. पिकतील तेव्हा खाऊ म्हणाल्या आणि मला प्रश्न विचारायला लागल्या.

प्रश्नांचं काही अडलं नाही. अडलं ते शेवटी. जागा दिली, शिष्यवृत्ती दिली, असं सांगून बाई म्हणाल्या की बाहेरच्या राज्यातल्या मुलीला दिल्लीत राहणारा स्थानिक पालक हवा. आजारपणात धावून येणारा, सुट्टीत घरी नेणारा कुणी. तो उद्या इथे येऊन सही करणार नसेल तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाईल. दिल्लीत आपलं होतं कोण? तुम्ही जरा विचार केलात आणि म्हणालात, आमचा आडत्या आहे. आपला माल तिकडे विकून देणाऱ्या ज्या माणसाचं तोंड तुम्ही कधी पाहिलं नव्हतं त्याचं नाव तुम्ही असं सांगितलंत, जसा काही तो माझा मामाच.

टांग्याने आपण भाजीबाजारात गेलो. तो गलका, ती हमाली, केळीच्या सडक्या पाल्याचा वास. त्या वासाने तुम्हाला जरा धीर आला असावा, कारण तिथून पुढे तुम्ही माझ्या पुढे चालायला लागलात. आडत्या मुलतानकडचा, फाळणीत सगळं टाकून आलेला, दाढी पिकलेला माणूस होता. तुम्ही गाव सांगितलंत, नाव सांगितलंत, त्याला उमज पडेना. रोजचे पन्नास शेतकरी त्याचे. मग तुम्ही आपल्या मोडक्या हिंदीत म्हणालात, "डांडेपर गेरूके दो पट्टे." आपल्याकडे एका वॅगनीत चार-पाच घरांचा माल असायचा, ओळख पटावी म्हणून प्रत्येक जण घडाच्या दांड्यावर आपली खूण करायचा. तुमची ती खूण. तो माणूस गादीवरून उठून उभाच राहिला.

त्याने मला बसायला सांगितलं आणि मग माझ्याकडे बघूनच बोलला, बहुधा तुम्हाला तोंडावर सांगायचा संकोच वाटला असेल. वॅगनचं दार उघडलं की समोर सगळ्यांचे घड भरघोस दिसतात, म्हणाला, आणि तळाशी पोचेपर्यंत बारके, डागी निघत जातात. सगळेच असं भरतात, त्याचं कुणी वाईटही वाटून घेत नाही. "बेटी, इतने बरसों में दो पट्टेवाला माल ऊपर जैसा, नीचे भी वैसा ही निकला. इस आदमी की बेटी मेरे घर की बेटी है."

नाना, मला हे माहीत नव्हतं. शाळेत जाता-येता मी तुम्हाला वॅगन भरताना शंभरदा पाहिलं असेल, उन्हात, पाठीला पाला चिकटलेला, आणि मला त्यात काही बघण्यासारखं आहे असं वाटलंच नव्हतं. मी पहिली आले म्हणून गावात कौतुक झालं होतं, सरांनी हार घातला होता. इकडे शेकडो कोसांवर एक परका माणूस तुम्हाला न बघता तुमच्यासाठी उठून उभा राहत होता. मी तुमच्याकडे पाहायला लागले ते डोळे भरून येईपर्यंत. तुम्ही मात्र संकोचून त्याच्या गादीवरची केळी चाचपत होतात.

दुसऱ्या दिवशी आडत्या धुतलेले कपडे घालून आला, सही केली. तरी तुमचा निर्णय पक्का झाला नव्हता. आदली सारी रात्र धर्मशाळेत तुम्ही कूस बदलत होतात. बाईंनी आपल्याला प्रयोगशाळा बघायला पाठवलं. तिथे काचेच्या पेटीत एक नाजूक तराजू होता. तिथल्या शिक्षिकेने कागदाचा एक तुकडा तोलला, मग त्यावर पेन्सिलीने माझं नाव लिहिलं आणि पुन्हा तोलला. काटा हलला. नुसत्या पेन्सिलीच्या रेघांचं वजन. तुम्ही पुन्हा करून दाखवायला सांगितलंत. तिने दुसरा कागद घेतला. तुम्ही श्वास रोखून वाकलात, तुमच्या श्वासाने काटा हलेल अशी तुम्हाला भीती वाटत असावी. व्यापाऱ्यांनी काट्यावर मारलेल्या मापांनी तुम्ही जन्मभर नागवले गेला होतात. बाहेर व्हरांड्यात आल्यावर तुम्ही मला म्हणालात, "इतकं बारीक तोलता अठी. मंग अठी लबाडी नही चालनार. ऱ्हाय तू."

बस, एवढंच. आजही कुणाच्या शिफारशीच्या चिठ्ठ्या घेऊन लोक माझ्याकडे येतात तेव्हा मला तुमचं ते वाकणं आठवतं आणि मी त्यांना चहा पाजून परत पाठवते. पुढे मी मोठ्या मोठ्या प्रयोगशाळा पाहिल्या, देशाबाहेरच्याही, पण कुणी कुठल्या यंत्राकडे तसं बघताना मला दिसलं नाही.

वसतिगृहाच्या फाटकाच्या आत पुरुषांना जायला मनाई होती. माझी वळकटी चौकीदाराने उचलली. तुम्ही म्हणालात, "जेवत जाजो. पत्र लिहत जाजो." आणि पाठ फिरवून निघालात, एकदाही मागे न बघता. तुमचं पांढरं धोतर त्या रुंद रस्त्यावर लहान लहान होत गेलं. मी फाटकाचे गज धरून उभी होते. चौकीदार दोनदा म्हणाला, चलो बिटिया.

हे पत्र मी कुठे टाकणार, ते टेबलाच्या खणातच राहील. म्हणून लिहून टाकते. सगळे म्हणतात, मला शिकण्याची केवढी हौस होती. त्या फाटकाशी मला शिकायचं नव्हतं, नाना. मला घरी यायचं होतं. तुम्ही एकदा जरी मागे बघितलं असतं, तर मी धावत आले असते.