सीटखालची स्प्रिंग

दि. ४ मे

चि. खटपट्यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू भलतंच ऐकतोस, म्हणून लिहिते. जन्मभर इंजिनांना कान लावून बसल्यावर दुसरं काय होणार! गुडघा कसा आहे? प्लास्टर निघेपर्यंत गॅरेजात लंगडी घालत फिरू नकोस.

काम असं आहे. यांची गवत कापायची गाडी, ती वर बसून चालवायची, चालूच होत नाही. हे गेल्याला साडेचार महिने झाले, तेव्हापासून ती शेडमध्ये तशीच उभी आहे. अंगणातलं गवत गुडघ्याच्या वर गेलंय. माझा चिरंजीव एक तारखेला येणार आहे. त्याचं म्हणणं, आईला एकटीला हे झेपत नाही, घराला कुलूप लावू आणि तिला आमच्याकडे आणू. मी म्हटलं झेपतं, तर म्हणाला येऊन बघतो. हे असं रान बघितल्यावर मी काय तोंडाने बोलणार? मला हे घर सोडायचं नाही रे.

माझी तब्येत उत्तम आहे. जेवणखाण वेळेवर. काळजी नसावी.

पत्राची वाट बघणारी,
ताई

दि. ९ मे

ती. ताईस नमस्कार. गुडघा दुमडत नाही, तेव्हा उभ्यानेच स्वीकारावा.

साडेचार महिन्यांचं पेट्रोल म्हणजे शिळं पाणी. टाकी पूर्ण रिकामी कर, ताजं भर. कार्बोरेटरच्या खाली एक छोटी वाटी असते, एकाच नटावर. ती उघडून आतला चिकटा पूस. प्लग काळा पडला असेल तर नवा घाल. एअर फिल्टर झटक, बॅटरी चार्ज कर, तिच्या टोकांवर पांढरी पूड असेल तर ब्रशने घास. आणि हे नीट वाच: पात्यांच्या आसपास हात घालण्याआधी प्लगची वायर काढून ठेवायची. दर वेळी. भावोजी इतके काटेकोर, तरी एकदा विसरले होते आणि मी त्यांना तासभर झापलं होतं. ते मला उलट बोलले नाहीत असा तो एकच तास.

तू हे करू शकशील. लहानपणी माझी सायकल तूच खोलायचीस, नाव माझं व्हायचं.

तुझाच, कृपा अशीच राहू दे,
खटपट्या

दि. १५ मे

चि. खटपट्यास आशीर्वाद.

सगळं केलं. वाटीत गुळासारखा चिकटा होता. यांचे नट खोलायचे पाने भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेले आहेत, खाली खडूने आकडे. त्यांचं अक्षर पुसलं जाऊ नये म्हणून भिंतीला खांदासुद्धा लागू दिला नाही.

आणि काल इंजिन लागलं! तोच आवाज. असं वाटलं की आता हे बाहेरून ओरडतील, चहा टाक म्हणून.

पण गोची अशी की ब्रेकवर पाय आहे तोवर चालते. पाय उचलला की गप्प. दहा वेळा करून बघितलं. मधेच चक्कर आली, उन्हाची असेल. सांग लवकर, पंधरा दिवस राहिलेत.

आठवण काढणारी,
ताई

दि. १९ मे

ती. ताईस नमस्कार.

अगं, हा बिघाडच नाही बहुतेक. सीटखाली एक स्विच असतो. माणूस बसलं की वजनाने तो दाबला जातो. ब्रेक सोडल्यावर सीट रिकामी वाटली, तर गाडी स्वतःच इंजिन बंद करते. चालवणारा पडला तर पाती फिरत राहू नयेत म्हणून. स्विचची वायर सैल आहे का बघ आणि दुसऱ्या कुणाला तरी बसवून बघ.

चक्कर उन्हाची, हे कुणी ठरवलं? डॉक्टरला दाखव.

तुझ्या शब्दाबाहेर नसलेला (बहुतेक वेळा),
खटपट्या

दि. २३ मे

चि. खटपट्यास आशीर्वाद.

वायर घट्ट आहे. तुझं पत्र घेऊन आलेल्या पोस्टमनलाच बसवलं. बिचारा पिशवीसकट बसला आणि शेडपासून फाटकापर्यंत ऐटीत गेला. गाडी एकदाही अडली नाही. मी बसले, पाय उचलला, बंद.

मग लक्षात आलं. सीटखाली यांनी जाड स्प्रिंग घातलेली आहे. यांच्या वजनाने जुनी पार चेपली होती ना, म्हणून. तर ती स्प्रिंग माझ्याने दबत नाही, एवढंच. पोस्टमन म्हणाला की स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या की भानगड मिटते. कुठल्या दोन, ते उलट टपाली कळव. आठवडा राहिलाय.

मी ठणठणीत आहे.

ताई

दि. २६ मे

ती. ताईस नमस्कार.

वायरी जोडणं दोन मिनिटांचं काम आहे. मी सांगणार नाही.

ती जाड स्प्रिंग भावोजींनी तीन वर्षांपूर्वी घातली. मीच पाठवली होती. त्यानंतरच्या वर्षी त्यांचं मनगट मोडलं आणि अख्खा हंगाम गवत तू कापलंस. भावोजींनी कौतुकाने लिहिलं होतं की तुझी ताई माझ्यापेक्षा सरळ रेघ मारते. तेव्हा तुझ्या वजनाने हीच स्प्रिंग दबत होती, ताई.

स्प्रिंग तीच आहे. तू किती उरली आहेस?

जेवणखाण वेळेवर म्हणून दर वेळी लिहितेस आणि मी गाढवासारखा वाचतो. वायरी जोडून दिल्या आणि तुला त्या गाडीवर चक्कर आली तर? चिरंजीवाला तू सांगतेस की मी सांगू? माझ्यावर राग धर, चालेल. पण खरं लिही.

तुझा धाकटा

दि. ३ जून

चि. खटपट्यास आशीर्वाद.

रागावले होते. दोन दिवस तुझं पत्र पालथं घालून ठेवलं. मग खरं तेच लिहायचं ठरवलं.

स्वयंपाक रोज करते, दोघांचा. एकटीचा अंदाजच येत नाही. दोन ताटं मांडते, समोरचं बघत बसते आणि माझंही तसंच उचलते. उपास वगैरे काही नाही रे, घास उतरतच नाही. ब्लाउज आत घेतले, सैल झालेल्या बांगड्या काढून ठेवल्या, शेजारी विचारतील म्हणून दारात जाणं सोडलं. इतक्या महिन्यांत कुणाला कळलं नाही. गाडीला पहिल्याच दिवशी कळलं.

चिरंजीवाला मीच फोन केला. तो एक तारखेची वाट न बघता फोनच्या दुसऱ्याच दिवशी आला. दारात मला बघितलं आणि सरळ शेडमध्ये गेला. थोड्या वेळाने इंजिन लागलं आणि चालूच राहिलं. त्याचं अंग आता वडिलांसारखं भरलंय. मी ओट्याशी उभी राहून ऐकत होते. गवत कापून आला, हात धुतले आणि समोरच्या ताटावर बसला. म्हणाला, "आई, तू पहिला घास घेतल्याशिवाय मी घेणार नाही." घेतला. दोघंही रडत जेवलो.

उद्या त्याच्याबरोबर जाते आहे. घराला कुलूप लागेल. भांडायला बळ नव्हतं, आणि त्याचं चूकही नव्हतं. तू शिकवलंस तसं टाकीतलं पेट्रोल काढलं, बॅटरीची वायर सोडली, वर चादर घातली. त्याआधी एकदा बसून बघितलं. पाय उचलला. बंद.

किल्ली तुझ्याकडे पाठवते आहे. प्लास्टर निघालं की एखादी चक्कर मारून गाडीकडे बघ. सगळं बदललंस तरी चालेल, ती स्प्रिंग मात्र राहू दे. मी घरी परतण्याजोगी झाले की नाही, ते तिलाच ठरवू दे.

तुझ्या मायेची भुकेली,
ताई