ड्यूक की बेसी

६ जानेवारी १९५२, रविवार. डोंबिवली.

निर्णय झाला. कुत्रा पाळायचा.

ऑक्टोबरात जयाला टायफॉईड झाला तेव्हा मी तिच्या उशाशी बसून शब्द दिला होता, बरी झालीस की मागशील ते आणीन. पोर दहा वर्षांची. वाटलं, बाहुली मागेल, फार तर परकर-पोलकं. काल डॉक्टरांनी पथ्य सोडलं आणि आज चहाच्या वेळी ती म्हणाली, "बाबा, कुत्रा." मी एका क्षणात हो म्हटलं. मालन तेव्हा भाकऱ्या थापत होती. ती तोंडाला पदर लावून न्हाणीघरात गेली. हसत होती की खोकत होती, कळलं नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी बायकोचं काही कळत नाही.

योगायोग असा की आमच्या ठाण्याच्या कचेरीतले दौलत राणे ठाकुर्लीला राहतात. त्यांच्या ओळखीचे पॉवर हाऊसमधले फोरमन हॅरिससाहेब कायमचे ऑस्ट्रेलियाला चाललेत. त्यांची दोन कुत्री आहेत. चांगलं घर मिळालं तर फुकट देणार. एक अल्सेशियन, ड्यूक. दुसरी स्पॅनियल, बेसी. दोन्ही नकोत, एक पुरे. कुठलं, ते पद्धतशीर तुलना करून ठरवायचं. मुदत: वीस जानेवारी. मुदत पाळायची म्हणजे पाळायची.

८ जानेवारी, मंगळवार.

ठाण्याच्या लायब्ररीतून कुत्र्यांवरचं इंग्रजी पुस्तक आणलं. तक्ता आखायला घेतला. डावीकडे अल्सेशियन, उजवीकडे स्पॅनियल. अल्सेशियन: बुद्धिमान, शूर, पोलिसांत असतो. स्पॅनियल: प्रेमळ, मुलांत रमते, बदकं पकडते. (डोंबिवलीत बदकं नाहीत. मुद्दा बाद.)

पान ६१ वर अल्सेशियनचा दात दिसणारा फोटो आहे. त्यावर ब्राउन पेपर चिकटवला. जयाने पाहिलं तर घाबरायची.

११ जानेवारी, शुक्रवार.

गाडी चुकली. आमचे घरमालक काळुराम म्हात्रे यांच्या पेंढ्याच्या उडवीपाशी हल्ली एक काळं कुत्रं बसतं. म्हणून मी मागच्या शेताच्या बांधावरून स्टेशनला जातो. बसतं म्हणून नव्हे. चालणं होतं म्हणून. सकाळचं चालणं प्रकृतीला चांगलं. अर्धा मैल जास्त होतो, धोतराला चिखल लागतो, पण व्यायामाला पर्याय नाही.

१३ जानेवारी, रविवार.

प्रथम पाहणी. जयाला घेऊन टांग्याने ठाकुर्लीला गेलो. हॅरिससाहेबांचा बंगला छोटा, पुढे बाग, फाटक. साहेब साठीचे, लालबुंद, हिंदी अगदी मोडकं. "कम कम, अंदर आव." मी सांगितलं, मला सर्दी आहे. कुत्र्यांना लागू नये.

जया फाटक उघडून आत गेलीसुद्धा. मी काही म्हणायच्या आत. दोन्ही कुत्री तिच्या अंगावर. मी हाक मारणार, तेवढ्यात पाहिलं तर ती जमिनीवर बसली होती आणि ती बेसी लांब कानांनी तिचा चेहरा पुसत होती.

मी पाहणी फाटकाबाहेरून केली. शास्त्रीय पाहणी अंतरावरूनच होते. मध्ये एकदा ड्यूक फाटकाकडे आला तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला होतो. तिथे उजेड चांगला होता.

ड्यूक फार मोठा आहे. पुस्तकात हे नीट लिहिलेलं नाही.

१५ जानेवारी, मंगळवार.

तक्त्यात आता सतरा मुद्दे. आवाज, केस, खाणं, घराण्याची प्रतिष्ठा, रेशनच्या दिवसांतला खर्च वगैरे. प्रत्येकाला गुण. बेरीज: अल्सेशियन ६१, स्पॅनियल ६१. तीनदा केली.

कुठेच मन लागत नाही. कपाट खिडकीपाशी सरकवलं. मग परत भिंतीशी. जेवताना दोनदा उठलो. मालन म्हणाली, "अहो, बसा ना एका जागी. आणि कुठलंही एक आणा. पोर रोज विचारतेय." बायकांना पद्धत कळत नाही.

१८ जानेवारी, शुक्रवार.

घरमालकाची परवानगी हा अठरावा मुद्दा राहून गेला होता. आम्ही वरच्या दोन खोल्यांत, काळुराम खाली. पूर्वी त्याच्या घरचे मिठागरात राबायचे, आता जमिनीला भाव आल्यापासून तो निवांत असतो. त्याला जाऊन सगळं समजावून सांगितलं. कुत्रं भुंकेल. अंगणात घाण करील. तुझ्या कोंबड्या खाईल. जिना ओरबाडेल. शेजारपाजार तक्रार करील. तू नाही म्हणालास तर मी अजिबात मनावर घेणार नाही, असंही म्हटलं. दोनदा.

काळुराम हसला. "आना ना साहेब. घराला कुत्रा हवाच. कोंबऱ्या खाल्ल्या तं खाल्ल्या, चोर तं नाय येनार."

अशा माणसाच्या हाती मालमत्ता कशी टिकते कोण जाणे.

२० जानेवारी, रविवार.

कचेरीत निवडणुकीचे कागद साचलेत. मुदत पुढे ढकलली. जयाला तसं समजावलं. ती म्हणाली, "बरं." आजारातून उठल्यापासून ती फार बोलत नाही. खिडकीत बसते. गल्लीतल्या मुलींनी तिच्याविना खेळ बसवलेत, त्यात आता तिला जागा नाही. कुत्र्याने हे सगळं सुटेल. म्हणून निवड चुकता कामा नये.

२४ जानेवारी, गुरुवार.

नवी कल्पना. प्राण्यांना हाताळण्याचा सराव. कुत्रं घरात आलं की मालकाचा हात ठाम हवा, असं पुस्तक म्हणतं. काळुरामची शेळी परसात बांधलेली असते. आज कचेरीतून आल्यावर तिच्या पाठीवर हात ठेवला. मोजून शंभर आकडे. शेळी काही म्हणाली नाही. काळुरामची बायको आवडाबाई विहिरीवरून पाहत होती. तिने मालनला विचारलं, साहेबांना शेळी घ्यायचीय का.

प्रगती उत्तम.

२७ जानेवारी, रविवार.

दुसरी पाहणी. आज फाटकाच्या आत गेलो. ही नोंद महत्त्वाची आहे. ड्यूकला साहेबांनी साखळीने बांधलं होतं (मी चिठ्ठी पाठवून विनंती केली होती). जयाने बेसीला पट्ट्याला धरून माझ्यासमोर आणलं. "बाबा, हात लावा. मऊ आहे." मी छत्रीच्या टोकाने तिचा डावा कान किंचित उचलून पाहिला. कान सदोष वाटला. फारच लांब. पावसाळ्यात चिखलात लोळेल.

हॅरिससाहेबांनी विचारलं, "सो, विच वन?" मी म्हटलं, "अंडर कन्सिडरेशन." त्यांनी जयाकडे पाहिलं. मग म्हणाले, सोळा फेब्रुवारीला निघतोय, आणि बेसीला आणखीही एक गिऱ्हाईक आहे.

परतताना जया टांग्यातून मागे बंगल्याकडे पाहत होती. मी तिला कानांचं समजावलं.

३ फेब्रुवारी, रविवार.

दात दुखतोय. जाऊ शकलो नाही. मालन जयाला घेऊन गेली.

संध्याकाळी परत आल्या तेव्हा मालनच्या लुगड्यावर केस होते. सांगत होती, बेसी जयाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली आणि झोपेतच घोरायला लागली, तेव्हा जया खदाखदा हसली. "चार महिन्यांत पहिल्यांदा हो. तुम्ही यायला हवं होतं." सांगताना तिचे डोळे भरले.

मी पाहिलं नाही. दात.

१० फेब्रुवारी, रविवार.

ठरलं. स्पॅनियल. अंतिम. तक्ता फाडून टाकला.

हॅरिससाहेबांना पत्र लिहायला बसलो. बेसी आम्ही घेत आहोत, एवढंच लिहायचं. पण इंग्रजी पत्र नीट हवं. तीन मसुदे झाले. तिसऱ्यात काही प्रश्न घातले. बेसीच्या आईवडिलांचा स्वभाव कसा होता? ती कधी कुणाला चावली आहे काय? चावली असल्यास कुठे, आणि का? असे एकूण अकरा. उत्तरं समाधानकारक आल्यास घेऊ, असं शेवटी लिहिलं. पत्र पोस्टात टाकलं. मोकळं वाटलं.

मालनने विचारलं, "पत्र कशाला? मैलभर तर आहे ठाकुर्ली." लेखी काम पक्कं असतं.

१४ फेब्रुवारी, गुरुवार.

उत्तर आलं. चारच ओळी. बेसीला मंगळवारी कल्याणच्या एक नर्सबाई घेऊन गेल्या. ड्यूक शिल्लक आहे. शनिवारी दुपारी सामान हलणार. मिस जयासाठी तोपर्यंत थांबतो.

जयाला सांगितलं. रडेल वाटलं होतं. रडली नाही. अर्धीच भाकरी खाऊन उठली. खिडकीत बसली. तिथूनच म्हणाली, "ड्यूकपण चांगला आहे, बाबा."

छातीत काहीतरी झालं. ॲसिडिटी असावी. सोडा घेतला.

शनिवारी ड्यूकला आणायचा. स्वतः. कुणाची मदत नको. शेळीवर सराव झालेलाच आहे.

१६ फेब्रुवारी, शनिवार.

घडलं तसं लिहितो.

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. जयाने वेणीला रिबन बांधली होती. ठाकुर्लीला पोचलो तर बंगला रिकामा, पडदे काढलेले, ट्रंका व्हरांड्यात. काळुराम आपली बैलगाडी घेऊन आधीच आलेला. साहेबांचं सामान कल्याण स्टेशनवर पोचवायचं काम त्याने घेतलं होतं, मला त्याची कल्पना नव्हती.

साहेबांनी ड्यूकला जवळ घेतलं. त्याच्या कानात काहीतरी बोलले. मग साखळी माझ्यापुढे केली. साखळी मी घेतली. हातात घेतली. हे इथे स्पष्ट नोंदवून ठेवतो.

त्यानंतर ड्यूक मागच्या पायांवर उभा राहिला आणि पुढचे दोन्ही पंजे त्याने माझ्या खांद्यावर ठेवले. त्याचं तोंड माझ्या तोंडाशी आलं. श्वास गरम होता.

त्यानंतरचं मला आठवतं ते असं, की मी बैलगाडीत, ट्रंकांच्या ढिगाऱ्यावर सगळ्यांत वर उभा होतो आणि खाली बैल दचकले होते. टोपी कुठेतरी पडली होती. मी मोठ्याने काहीतरी म्हणत होतो. काय ते लिहीत नाही. साहेब पाहत होते. जया पाहत होती.

काळुरामने साखळी उचलली. "साहेब, उतरा खाली. काय करीत नाय तो. लाडात आलाय."

मी म्हटलं, वरून सामान नीट बांधलंय का ते पाहतोय.

हॅरिससाहेब काळुरामला म्हणाले, "तुम रखेगा?" तो म्हणाला, रखेगा. मग साहेब जयाच्या डोक्यावर हात ठेवून आत गेले, ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.

आम्ही पायी आलो. ड्यूकला घेऊन काळुरामची गाडी परत येईपर्यंत जया जिन्यावर बसून होती.

१७ फेब्रुवारी, रविवार.

विचार केला तर ही व्यवस्था सर्वांत उत्तम. कुत्रं अंगणात, जबाबदारी काळुरामची, आनंद जयाचा. मी सुरुवातीपासून बहुधा याच दिशेने विचार करत होतो. ड्यूकला जिन्याच्या पायथ्याशी बांधलंय.

जया दिवसभर खाली. दुपारी गल्लीतल्या मुलीही आल्या. नीला, शीला, आणखी दोघी. जया त्यांना ड्यूकला हात कसा लावायचा ते शिकवत होती. आवाज वरपर्यंत येत होता. तिचाच.

संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. अंगाला कुत्र्याचा वास. म्हणाली, "बाबा, तुम्ही कुत्र्यांना भिता ना? लहानपणी तुम्हाला पिसाळलेलं चावलं होतं आणि पोटात चौदा इंजेक्शनं दिली होती. आईने काल सांगितलं."

मी म्हटलं, भीती वेगळी आणि सावधगिरी वेगळी. यातला फरक तिला अर्धा तास उदाहरणांसह समजावला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला आधी माहीत असतं तर मी ससा मागितला असता."

मालन चुलीशी होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. आज हसलीही नाही.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार.

रोज सकाळी जया मला अंगणातून फाटकापर्यंत सोडायला येते. हात धरते आणि ड्यूकच्या बाजूने चालते. मी धरू देतो. आजारातून उठलेलं पोर, त्याला आधार वाटतो.

ड्यूक शेपटी हलवतो. मी पाहत नाही, जया सांगते.

२५ फेब्रुवारी, सोमवार.

डॉक्टरांनी परवानगी दिली. जयाची शाळा आजपासून सुरू. सकाळी साडेसातची. नीलाबरोबर गेली, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मी नेहमीप्रमाणे पावणेनऊला डबा घेऊन निघालो. जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबलो. ड्यूक जागा होता. नऊ वाजले. साडेनऊ झाले. आवडाबाई एकदा येऊन गेली, तिला म्हटलं, हवा खातोय. दहाच्या सुमारास मालन कणकेने माखलेल्या हातांनीच खाली उतरली. माझा हात धरून तिने मला फाटकाबाहेर नेऊन उभं केलं. बाहीला कणीक लागली.

कचेरीत लेट मार्क.

उद्यापासून जयाबरोबर सातलाच निघावं. ठाण्याला आठच्या आत पोचेन. शिपाई दहाला कचेरी उघडतो. तोवर बाहेर बाक आहे. त्या वेळी हवा चांगली असते.