ई म्हणजे एक्स्ट्रा

नागपूर, २२ सप्टेंबर २००९

प्रिय विशाखाताई,

आपले लाल टोपीवाले हरणारे आहेत हे कळल्यावरही तू त्यांना सोडलं का नाहीस? तीन महिने झाले, मी या प्रश्नाभोवती फिरते आहे आणि मला उत्तर येत नाही. परवा फोनवर तू सांगितलंस की रविवारी विहारात माझा सत्कार आहे, बॅनर छापून आला, बाबांनी नवा सदरा शिवायला टाकला. त्याबद्दलच लिहायचं आहे. पण आधी बेसबॉलबद्दल लिहू दे.

चुन्नीलाल डिशवाला मराठी चॅनेलऐवजी खेळाचं चॅनेल सुरू करून गेला, तो एप्रिल आठव. मी सुट्टीला घरी फुलचूरला आले होते. पहाटे तू सूप मांडीवर घेऊन बिडीची पानं कापत होतीस आणि समोर अमेरिकेतला सामना चालू होता. बाबा दात घासता घासता म्हणाले, "हे कोणतं क्रिकेट होय वो? बॅट तं गोल हाय." तुला लाल टोप्या आवडल्या, एवढ्यावर तो संघ आपला झाला. पडद्यावरच्या पाटीवर आर, एच आणि ई अशी तीन इंग्रजी अक्षरं यायची. तू मला अर्थ विचारलास. घरात पदवीधर मी एकटी, मग माहीत नाही कसं म्हणणार? मी सांगितलं, आर म्हणजे रन आणि ई म्हणजे एक्स्ट्रा, क्रिकेटसारखंच. एच कशाला ते मला सुचलं नाही, म्हणून तो आपण सोडून दिला.

तेव्हापासून तू आर आणि ई यांची बेरीज करायला लागलीस. पावणेसहाला नळ आला की तू उठायचीस, त्यामुळे शेवट कधी दिसायचा नाही. मी नागपूरला परतल्यावर सायबर कॅफेतून आकडे पाहून तुला फोनवर सांगायची. आपल्या संघाचा ई नेहमी मोठा असायचा, त्यामुळे आपण जिंकतच होतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहणारा तो बुटका खेळाडू, ज्याचं नाव तू मुन्ना ठेवलंस, त्याच्या हातून चेंडू निसटला की ई एकाने वाढायचा आणि तू टाळी वाजवायचीस. पूर्ण संघात तो एकटाच कामाचा, असं तुझं मत होतं.

मे महिन्यात कॅफेत मी नियम वाचले. ई म्हणजे एरर, चुका. मी तिथेच हसले, आणि मग मला हसू येईना. तुला सांगायचं धाडस झालं नाही. महिनाभर मी बेरीज करूनच आकडे सांगत राहिले. कॉलेजात सत्यावर निबंध लिहून बक्षीस मिळवलेली मुलगी मी.

जूनमध्ये घरी आले तेव्हा सांगितलं. मला वाटलं तू टीव्ही बंद करशील. तू बिडीच्या पानावर पत्र्याचा फरमा ठेवलास, पान कापलंस, आणि एकच विचारलंस, "तुले कवा कळलं?" मी म्हटलं, महिना झाला. "मंग महिनाभर मले काऊन नाचवलं? हरले तं हरले सांगत जाय ना वो. मी का त्याइले सोडून देणार होती?" एवढं बोलून तू पुन्हा पडद्याकडे पाहायला लागलीस. मुन्नाच्या हातून चेंडू निसटला. तू टाळी वाजवली नाहीस. "हात बसला नाही त्याचा अजून. बसंल," म्हणालीस. माझ्या ओळखीत इतकं शिकलेलं बोलणारं दुसरं कुणी नाही, ताई, आणि तू नववीतून शाळा सोडलीस.

तेव्हापासून मी तुला खरे आकडे सांगते. या हंगामात आजवर एकशे पन्नास सामने झाले, सत्त्याण्णव हरलो. तू एकदाही फोन लवकर ठेवला नाहीस. आता बारा सामने उरले आहेत आणि परवाही तू विचारलंस, उद्या चेंडू टाकायला कोण आहे.

आता माझा आकडा. निरीक्षकाच्या परीक्षेचा निकाल नऊ तारखेला लागला. यादीत माझा नंबर नव्हता. मी तीनदा पाहिली. तेवढ्यात बाबांचा फोन आला. ते राइस मिलवर कामाला होते, मागे यंत्रांचा आवाज होता. त्यांनी विचारलं, "झालं का वो बाई?" यादी पाहून झाली का, असं मला वाटलं. मी म्हटलं, झालं. पलीकडे ते ओरडून सांगायला लागले, माह्या पोरीचं झालं, आणि हमालांचा गलका ऐकू आला. तो गैरसमज एका वाक्यात मोडता आला असता. मी ते वाक्य बोलले नाही. त्या दिवशी नाही, पुढचे अकरा दिवसही नाही. मला कधी कळलं, हे तू विचारशीलच. म्हणून तारीख लिहिली आहे.

फोनवर सांगितलं असतं तर तू लगेच जाऊ दे म्हणाली असतीस आणि मला पूर्ण बोलू दिलं नसतंस. म्हणून हे पत्र. पण तुझ्या उत्तराची वाट पाहून मी काही ठरवलेलं नाही. काल सकाळी विहार समितीच्या केवळरामकाकांना फोन करून सांगितलं की माझी निवड झालेली नाही, बॅनर उतरवा. ते म्हणाले, "मंडप सांगून झाला ना वो." मी माफी मागितली, पण मागे हटले नाही. मग बाबांना फोन लावला आणि तेच सगळं सांगितलं, हे पत्र पोचेपर्यंत तुला काही सांगू नका असंही म्हटलं. बराच वेळ नुसता मिलचा आवाज येत राहिला. त्यांनी फोन ठेवला नव्हता, आणि मीही ठेवला नाही.

हरले तरी तुझीच,
साक्षी